सनचिप्सची कर्कश पिशवी: एका तापमानात अडकलेलं पॅकेजिंग

२०१० साली अमेरिकेच्या हवाई दलातल्या एका वैमानिकाने चिप्सच्या पिशवीसमोर आवाजमापक धरला आणि पिशवी चुरगाळली. आकडा आला ९५ डेसिबल. माझ्या विमानाच्या कॉकपिटपेक्षा ही जास्त वाजते, असं सांगणारा त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर फिरला आणि वर्तमानपत्रांपर्यंत पोचला. फेसबुकवर याच पिशवीच्या आवाजाला वैतागलेल्यांचा एक गट होता. त्याची सदस्यसंख्या ४०,००० च्या वर गेली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सहापैकी पाच चवींवरून ही पिशवी मागे घेतली.

पिशवी होती सनचिप्सची, म्हणजे पेप्सिकोच्या फ्रिटो-ले या विभागाची. जगातली पहिली पूर्णपणे कंपोस्ट होणारी चिप्सची पिशवी, असं सांगून कंपनीने ती आणली होती आणि त्यामागे चार वर्षांचं संशोधन होतं. ब्रँडही त्याला साजेसा होता. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोच्या कारखान्यात २००८ पासून हे चिप्स बनवताना सूर्याची उष्णता वापरली जात होती. आधी २००९ मध्ये पिशवीचा फक्त बाहेरचा थर बदलला आणि २०१० मध्ये सगळेच थर.

हे प्रकरण सहसा मार्केटिंगच्या वर्गात शिकवलं जातं. ग्राहकाला पर्यावरण हवं असतं, पण गैरसोय नको असते, एवढं सांगून विषय संपवतात. मला हे वाचन अपुरं वाटतं. त्यात ग्राहकाला दोष दिला जातो आणि पदार्थविज्ञान बाजूलाच राहतं. या पिशवीचा आवाज, तिची हवा अडवण्याची ताकद आणि तिचं कुजणं ही तीन वेगळी प्रकरणं नव्हती. तिन्ही एकाच आकड्याला बांधलेली होती. तो आकडा म्हणजे ५५ ते ६० अंश सेल्सिअस. हे समजलं की कंपनीने शेवटी शोधलेला उपाय किती नेमक्या जागी होता, हेही कळतं.

पिशवीचं काम काय असतं

तळलेल्या किंवा भाजलेल्या कुरकुरीत पदार्थाचे दोन शत्रू, ओलावा आणि ऑक्सिजन. ओलाव्याने तो नरम पडतो. ऑक्सिजनमुळे त्यातलं तेल खवट होतं. म्हणून पिशवीत भरताना हवा काढून नायट्रोजन सोडतात आणि त्यानंतर आठवडेच्या आठवडे बाहेरची हवा आत येऊ न देणं ही फिल्मची जबाबदारी असते. प्रकाशही अडवावा लागतो, कारण तोही खवटपणाला हातभार लावतो.

प्लास्टिकची फिल्म हवाबंद असते, असा समज असतो. तसं नाही. वायूचे रेणू फिल्मच्या एका बाजूला तिच्यात विरघळतात, पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थाच्या, साखळ्यांमधल्या फटींतून उड्या मारत पुढे सरकतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. तेव्हा प्रश्न दोन असतात: तो वायू त्या पदार्थात किती विरघळतो आणि साखळ्या किती हलतात. साखळ्या जितक्या हलतील तितक्या फटी उघडझाप करतात आणि तितकी वाट मोकळी होते.

जुनी पिशवी पॉलिप्रॉपिलीनची. बाहेर छपाईची फिल्म, आत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवलेली फिल्म आणि दोन्ही एकमेकींना चिकटवलेल्या. पॉलिप्रॉपिलीन हा हायड्रोकार्बन आहे, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचा बनलेला. पाण्याशी त्याचं जमत नाही, त्यामुळे पाण्याची वाफ तो फारशी सोडत नाही. २५ मायक्रॉन जाडीच्या ताणलेल्या फिल्ममधून, उष्ण आणि दमट हवेत घेतलेल्या चाचणीत, एका चौरस मीटरला दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास वाफ जाते. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र हीच फिल्म ढिली. चौरस मीटरमधून दिवसाला दीड ते दोन हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन सहज पार होतो.

नवी पिशवी पॉलिलॅक्टिक आम्लाची, म्हणजे पीएलएची. हा पॉलिमर मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करून त्याच्या साखळ्या जोडून बनवतात. नेचरवर्क्स ही कंपनी तो अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्लेअर इथे मोठ्या प्रमाणावर बनवते आणि 'इंजिओ' या नावाने विकते. त्याचा स्वभाव पॉलिप्रॉपिलीनच्या उलटा आहे. तितक्याच जाडीची पीएलए फिल्म ऑक्सिजन जवळपास एक तृतीयांशच सोडते, म्हणजे पाचशे-सहाशे घनसेंटिमीटर. पण त्याच्या साखळीतल्या एस्टर गटांना पाणी आवडतं. वाफेचा आकडा पाचवरून थेट तीनशेच्या आसपास जातो.

लोक 'जैवविघटनशील फिल्मचं बॅरिअर (म्हणजे वायू आणि वाफ अडवण्याची ताकद) कमी असतं' असं सरसकट म्हणतात, तेव्हा मला हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावेसे वाटतात. कोणत्या वायूसाठी कमी, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. ऑक्सिजनसाठी पीएलए जुन्या फिल्मपेक्षा बरं होतं. ओलाव्यासाठी ते जवळपास साठपट वाईट होतं. चिप्सना दोन्ही अडसर हवे असतात, त्यामुळे नुसत्या पीएलएच्या पिशवीत ते काही दिवसांत मऊ पडले असते.

यातून वाट काढली ती अ‍ॅल्युमिनियमने. निर्वात कक्षात धातू तापवून त्याची वाफ फिल्मवर बसवतात. थराची जाडी ०.०३ ते ०.०५ मायक्रॉन, पण धातूच्या स्फटिकांतून वायूला वाट मिळत नाही, त्यामुळे वाफ आणि ऑक्सिजन दोन्हींचे आकडे एकदम कोसळतात. पीएलएची एक जमेची बाजू इथे कामाला येते. त्याच्या पृष्ठभागाला शाई आणि धातू दोन्ही चांगले धरतात, पॉलिप्रॉपिलीनला त्यासाठी आधी विद्युत प्रक्रिया द्यावी लागते. आणि धातू इतका थोडा असतो की कंपोस्टच्या मानकांत तो अडचण ठरत नाही. युरोपच्या ईएन १३४३२ या मानकात तर एक टक्क्याहून कमी असलेल्या घटकाचं विघटन वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

मात्र या धातूच्या थराला एक दुखणं असतं. फिल्म जिथे टोकदार मुडपते तिथे तो तडकतो. सपाट फिल्मवर प्रयोगशाळेत मिळालेला आकडा पिशवी बनल्यावर, खोक्यात भरल्यावर, ट्रकमधून हादरे खाल्ल्यावर तसाच राहत नाही. म्हणूनच या धंद्यात फिल्म आधी पिळून-मुडपून मग तिचं बॅरिअर मोजण्याची चाचणी आहे. फिल्म जितकी ताठ तितक्या घड्या तीक्ष्ण. पीएलए ताठ आहे.

आवाज कुठून आला

प्रत्येक पॉलिमरला एक तापमान असतं. त्याच्या खाली साखळ्या जागच्या जागी गोठलेल्या असतात आणि पदार्थ काचेसारखा वागतो. त्याच्या वर साखळ्या हलू लागतात आणि पदार्थ रबरासारखा होतो. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात, कामावर सगळे 'टीजी' म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचा टीजी शून्य अंशाच्याही खाली आहे. म्हणजे खोलीतल्या तापमानाला त्याचा स्फटिक नसलेला भाग सैल असतो. पीएलएचा टीजी ५५ ते ६० अंश. खोलीत ते पूर्ण काच असतं.

ताठ पातळ पत्रा चुरगाळताना तो हळूहळू वाकत नाही. त्यावर छोटे छोटे पैलू पडतात आणि प्रत्येक पैलू एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत टचकन उडी मारतो. त्या प्रत्येक उडीचा एक टिचकीसारखा आवाज. चुरगळणाऱ्या पिशवीचा आवाज म्हणजे अशा हजारो टिचक्या. पदार्थ सैल असेल तर उडीतली बरीचशी ऊर्जा आतल्या आत साखळ्यांच्या घर्षणात जिरते. काचेसारख्या पदार्थात ती जिरायला जागाच नसते, ती हवेत जाते. शिवाय इथे एक नाही, पीएलएच्या दोन फिल्म एकमेकींना कडक चिकटवलेल्या होत्या. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन सारख्या फिल्म सुट्या असतील तर त्यांचा मिळून विरोध एका फिल्मच्या दुप्पट. त्याच घट्ट चिकटवून एकजीव केल्या तर आठपट. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच कामी येणार आहे.

९५ डेसिबलच्या आकड्याबद्दल एक खुलासा करायला हवा. आवाजाचा आकडा अंतराशिवाय अर्धवट असतो. मापक पिशवीला चिकटवून धरला तर एक आकडा, हातभर दूर धरला तर दुसरा. कंपनीने पुढे स्वतःच्या मोजणीत जुन्या कंपोस्टेबल पिशवीला ८० ते ८५ डेसिबल दिले. मला दोन्ही आकडे खरे वाटतात. त्या वैमानिकाने शास्त्रीय प्रयोग केला नसेल, पण पिशवीत हात घालणाऱ्या माणसाला जे ऐकू येतं तेच त्याने मोजलं.

मग फिल्म मऊ का नाही केली

आवाज काचपणामुळे येतो, तर काचपणा घालवा, हे पहिलं उत्तर कुणालाही सुचेल. त्याची साधनंही होती. पीएलएमध्ये मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलं की टीजी खाली येतो. पीबीएटीसारखा दुसरा, लवचिक आणि कंपोस्ट होणारा पॉलिमर मिसळला तरी फिल्म नरम होते. कचऱ्याच्या कंपोस्टेबल पिशव्या अशाच मिश्रणाच्या असतात आणि त्या फारशा वाजत नाहीत.

पण बॅरिअरचं गणित आठवा. साखळ्या हलल्या की फटी उघडतात. टीजी खोलीच्या तापमानापर्यंत खाली आणला तर आवाज मरतो, त्याबरोबर ऑक्सिजनला वाट मिळते. वर मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर झिरपून येतं, आणि अन्नाला लागणाऱ्या फिल्मवर ते चालत नाही. धातूचा थर मऊ, ताणल्या जाणाऱ्या फिल्मवर बसवला तर तो ताणताना फाटतो. म्हणजे ज्या ताठपणाने लोकांचे कान किटले होते, तोच ताठपणा ऑक्सिजन अडवत होता आणि धातूला सपाट पाठ देत होता. घड्यांत त्याने धातू तडकतो हेही खरंच, पण तो पूर्ण काढून टाकला तर धातूला धरायलाच काही उरत नाही.

दुसरे बॅरिअर पदार्थ नव्हते असं नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ लेप कोरड्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण अडवतो, आणि तो पाण्यात विरघळतो. पण हवेतला दमटपणा वाढला की पाणी त्याच्या साखळ्यांत शिरतं आणि अडसर ढासळतो. त्याला दोन्हीकडून ओलाव्यापासून झाकावं लागतं, आणि झाकायला हाताशी काय, तर वाफ सोडणारं पीएलए. दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांचे लेपही ऑक्सिजनला छान अडवतात, तेही याच कारणाने ओलाव्यापुढे दुबळे. सिलिकॉन ऑक्साइडचे काचेसारखे पारदर्शक लेप होते, पण चिप्सच्या पिशवीला पारदर्शकता नकोच असते.

या सगळ्यात मला सेलोफेनची आठवण येते. झाक ब्रँडेनबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाच्या सेल्युलोजपासून ती फिल्म बनवली. ऑक्सिजन अडवायला उत्तम, मातीत कुजणारी, आणि ओलाव्याला मात्र सताड उघडी. १९२७ मध्ये ड्यूपाँमध्ये विल्यम हेल चार्च यांनी तिच्यावर ओलावा रोखणारा अगदी पातळ लेप बसवला आणि त्यानंतरच तिचा अन्नाच्या वेष्टनात खरा प्रसार झाला. आठ दशकांनी पीएलएपुढे नेमकी तीच अडचण उभी होती. निसर्गातून येणारे बहुतेक पॉलिमर पाण्याशी सलगी करतात. कुजण्यासाठी ती सलगी लागते आणि पॅकेजिंगला तीच नको असते.

माघार आणि गोंद

ऑक्टोबर २०१० मध्ये फ्रिटो-लेने जाहीर केलं की अमेरिकेत मूळ चव तेवढी नव्या पिशवीत राहील, बाकी पाच चवी जुन्या पिशवीत परततील. विक्री घसरलेली होती. कॅनडातल्या शाखेने वेगळी भूमिका घेतली. तिने पिशवी कायम ठेवली आणि मागेल त्याला कानात घालायचे बोळे फुकट देऊ केले. मूळ चव नव्या पिशवीत ठेवण्याचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. सगळंच मागे घेतलं असतं तर यंत्रांवर शिकलेलं सगळं विरून गेलं असतं. नवी फिल्म नेमक्या किती उष्णतेला सील होते, भरण्याच्या यंत्रावर कशी ताणली जाते, हे रोज चालवूनच कळतं. ती लाइन चालू राहिली म्हणून पुढचा प्रयोग करायला जागा राहिली.

फेब्रुवारी २०११ मध्ये नवी पिशवी आली. कंपनीच्या मोजणीत आवाज ७० डेसिबलच्या आसपास, जुन्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीच्या जवळ जाणारा. ८० वरून ७० म्हणजे थोडीशी घट वाटते, पण डेसिबलचं माप लॉगरिदमचं आहे. १० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची तीव्रता एक दशांश, १५ कमी म्हणजे साधारण तिसावा हिस्सा.

फिल्म तीच होती. बदललं होतं दोन फिल्ममधलं चिकटद्रव्य. आधीच्या कडक गोंदाच्या जागी रबरासारखा गोंद आला.

इथे मघाचं आठपट-दुप्पटचं गणित लागू पडतं. गोंद रबरी झाला की दोन फिल्म एकमेकींवर किंचित सरकू शकतात. एकजीव जाड पत्र्यासारखं वागणं सुटतं आणि वाकण्याचा विरोध आठपटीकडून दुपटीकडे झुकतो. पैलूंच्या उड्या दुबळ्या होतात. वर जी उडी पडते तिची ऊर्जा मधला रबरी थर गिळतो. मोटारगाडीच्या दारांच्या पत्र्यावर आतून आवाज शोषणारा थर लावतात, तत्त्व तेच. आणि बॅरिअरला धक्का लागत नाही, कारण ऑक्सिजन रोखण्याचं काम धातू आणि काचेसारखं पीएलए करत राहतं. गोंदाकडून अडसराची अपेक्षा कधी नव्हतीच.

मला ही अभियांत्रिकी मनापासून आवडते. सगळ्यांचं लक्ष फिल्मकडे होतं, कारण बदल फिल्मचा केला होता. पण फिल्मला हात लावला असता तर ऑक्सिजन, ओलावा आणि कुजणं या तिन्ही गाठी पुन्हा सोडवाव्या लागल्या असत्या. गोंद हा एकच थर असा होता ज्याच्यावर दुसरी कोणतीही जबाबदारी नव्हती, तेवढीच कंपोस्ट होण्याची अट पाळायची होती. बहुथरी वेष्टनात काही बिघडलं की आधी हे पाहावं: कोणता थर मोकळा आहे?

त्याच आकड्याची दुसरी बाजू

आवाजाच्या गोंधळात एक मोठा प्रश्न मागे पडला. पिशवीवर लिहिलं होतं की तापलेल्या, सक्रिय कंपोस्टच्या ढिगात ती साधारण १४ आठवड्यांत विघटित होईल. त्या वाक्यातला 'तापलेल्या' हा शब्द शोभेचा नव्हता.

पीएलएला जंतू थेट खात नाहीत. आधी पाणी साखळीत शिरून एस्टरचे बंध तोडतं. तुकडे पुरेसे लहान झाले की मग जंतूंचं काम सुरू होतं. आणि काचेसारख्या गोठलेल्या पदार्थात पाण्याचं हे काम अतिशय संथ चालतं. ढीग टीजीच्या आसपास तापला की साखळ्या सुटतात, पाणी भराभर आत जातं आणि पिशवी काही आठवड्यांत ठिसूळ होऊन विरते. कंपोस्टेबल प्लास्टिकच्या प्रमाणपत्रासाठीची चाचणी ५८ अंशांच्या आसपास घेतात, तो आकडा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पांतल्या ढिगांचा. ईएन १३४३२ मध्ये त्या वातावरणात १२ आठवड्यांनी फिल्मचा दहा टक्क्यांहून जास्त भाग २ मिलिमीटरच्या चाळणीवर उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं.

घरामागच्या छोट्या ढिगात इतकी उष्णता क्वचित येते आणि आली तरी टिकत नाही. तिथे ही पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहते. समुद्रात, नाल्यात, थंड मातीत तर आणखी जास्त काळ. ज्या काचपणामुळे ती चिप्स राखत होती, त्याच काचपणामुळे ती थंडीत कुजत नव्हती. फडताळातल्या २५ अंशांना टिकायचं आणि ढिगातल्या ५८ अंशांना विरायचं, हे या पदार्थाचं वैशिष्ट्य आहे आणि अन्नाच्या वेष्टनासाठी ते खरोखर उपयोगी आहे. मात्र त्यासाठी पिशवी त्या ५८ अंशांपर्यंत पोचायला हवी. २०१० मध्ये अमेरिकेत अन्नकचरा आणि कंपोस्टेबल वेष्टनं घेणारे मोठे प्रकल्प मोजक्याच शहरांच्या आवाक्यात होते. बाकी ठिकाणी ती पिशवी इतर कचऱ्याबरोबर भरावात गेली असणार, आणि तिथे तिचा काचपणा तिला जपतच राहिला असणार.

रबरी गोंदाने यातलं काही बदललं नाही, ते त्याचं कामही नव्हतं. २०२१ मध्ये पेप्सिकोने 'ऑफ द ईटन पाथ' या आपल्या दुसऱ्या ब्रँडसाठी पुन्हा कंपोस्टेबल पिशवी आणली, तेव्हा तिचं वर्णन औद्योगिक कंपोस्टमध्ये विघटित होणारी असं केलं. अंगणातल्या ढिगाचं चित्र या वेळी उभं केलं नव्हतं, आणि जवळ तसा प्रकल्प नसेल तर रिकामी पिशवी टपालाने परत पाठवण्याची सोय ठेवली होती.